ओरडेल तो पंच

बेसबॉल हा पोरांचा खेळ आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी कधी पोरांची लीग चालवलेली नाही. पोरांचं काय, चेंडू मिळाला की ती खूश. खरा सामना रंगतो तो कुंपणाच्या बाहेर, घडीच्या खुर्च्यांवर बसलेल्या आईबापांचा. त्या सामन्यात ना बाद असतं, ना मध्यंतर.

आमच्या वस्तीची लीग माझी सूनबाई चालवते. आठवडाभर ती लोकांना मोटार शिकवते. शिकणाऱ्याच्या शेजारी बसून दिवसभर तो जादा ब्रेक दाबून दाबून तिचा उजवा पाय असा काही तयार झालाय, की घरात कुणी आवाज चढवला तरी तो आपोआप जमिनीवर दाबला जातो आणि अख्खं घर जागच्या जागी थांबतं. ती नसती तर ही लीग पहिल्याच हंगामात नाल्यात गेली असती. मी तिचा सासरा. जन्मभर लिफ्टा दुरुस्त केल्या. लिफ्टमध्ये माणूस अडकला की हातानं काम करायचं आणि तोंडानं दाराच्या फटीतून त्याला गोष्टी सांगत राहायचं, म्हणजे तो आत घाबरत नाही. त्या धंद्यापायी माझी जीभ थोडी सैल झाली आहे, एवढं मान्य. आता रविवारी मैदानावर फक्कीच्या रेघा मारतो, बेस ठोकतो, सामना संपला की ते उपटतो. लहानथोर सगळे मला नाना म्हणतात.

मैदान म्हणजे शीतगृहाच्या मागची मोकळी जागा. एका अंगाला शीतगृहाची पत्र्याची भिंत, दुसऱ्या अंगाला बसगाड्या धुण्याचा ओटा. जमिनीला उतार इतका, की दुसऱ्या बेसवर बाटली आडवी झाली तर ती न सांगता घरी जाते. एकदा एका पोराचा चेंडू शीतगृहाच्या झरोक्यातून आत गेला. पंधरवड्यानं मटाराच्या पोत्यातून परत आला, तो इतका गोठलेला की ज्यानं पहिला फटका मारला त्याच्या बॅटचे दोन तुकडे झाले, आणि चेंडू जिथं पडला तिथं अजून गवत उगवत नाही. सूनबाई म्हणते असं काही घडलेलं नाही. ती तेव्हा पाणी आणायला गेली होती.

पण आज मी जे सांगणार आहे त्यात फोडणी नाही. त्याला लागतच नाही.

खेळ कळायला सोपा आहे. एक पोर चेंडू टाकतं, समोरचं बॅटनं मारतं. मारणाऱ्यानं बॅट फिरवलीच नाही, तर चेंडू नीट पट्ट्यातून आला की नाही ते मागं उभा असलेला पंच सांगतो. नीट असेल तर 'आत', वाकडा असेल तर 'बाहेर'. तीन 'आत' झाले की मारणारा बाद, आणि असे तिघे बाद झाले की पाळी दुसऱ्या संघाची. चार 'बाहेर' झाले की त्याला पहिला बेस फुकट. बॅट फिरवली आणि लागली नाही, तर तो 'आत' धरायचा, त्यात पंचाला काही विचारायचं नाही. बेस एकूण तीन, आणि चौथं घर. तिन्ही बेस भरलेले असताना कुणाला फुकटचा बेस मिळाला, तर सगळे एकेक पाऊल पुढं सरकतात आणि तिसऱ्यावरचा घरी येतो, म्हणजे झाली धाव. बस. एवढं कळलं की तुम्ही आमच्याकडच्या निम्म्या पालकांपेक्षा शहाणे झालात.

सगळी गोम त्या 'आत' आणि 'बाहेर'मध्ये. पहिल्या वर्षी आम्हाला पंचच मिळेना. एका शिंप्याला उभं केलं, त्याला चार आयांनी मिळून असा उसवला की गडी महिनाभर दुकान उघडून बसला नाही. मग एक निवृत्त मास्तर आले. त्यांना लोकांनी बोलून बोलून पाण्याच्या टाकीवर चढवलं. ते दोन दिवस खाली उतरले नाहीत. मी दोराला किटली बांधून त्यांना वर चहा पाठवत होतो. दोर आणि कप्पी हा माझा धंदाच.

शेवटी सूनबाईंनी मैदानाच्या मधोमध उभं राहून जाहीर केलं, "आजपासून पंचावर जो सगळ्यात मोठ्यानं ओरडेल, पुढच्या सामन्याला पंच तोच. बाई असो की बाप्या. कुणाचा आवाज मोठा ते मी ठरवणार. आणि जो उभा राहणार नाही, त्याचं पोर त्या दिवशी बाकावर बसेल."

काय सांगू, औषध लागू पडलं. पाववाल्या बाई ओरडल्या, त्यांना उभं केलं. औषधाच्या दुकानवाले ओरडले, त्यांनाही उभं केलं. तो जाळीचा मुखवटा तोंडावर चढवून, वाकून, डोळ्यांत धूळ घेत एक सामना काढला की माणसाला कळतं, डोळ्यांसमोरून सणकन गेलेला चेंडू आत होता की बाहेर हे सांगणं म्हणजे काय असतं. एकदा पंच झालेला माणूस पुन्हा जन्मात ओरडला नाही. हळूहळू कुंपणाबाहेर वाचनालयासारखी शांतता झाली. लोक चरफडायचे, पण तोंड मिटून.

आपल्याच पोराच्या सामन्यात पंच व्हायचं नाही, असं त्या नियमात नव्हतं. गरजच वाटली नव्हती. उलट, जो जो तिथं उभा राहिला तो आपल्या पोराला जास्तच कडक लागला, लोक काय म्हणतील या धाकानं. पाववाल्या बाईंनी तर आपल्या लेकाला ज्या चेंडूवर बाद दिलं तो चेंडू माझ्या मते अर्धा हात बाहेर होता. पोरगं रडलं, बाई ढिम्म हलल्या नाहीत. तो सगळा लाजेवर चालणारा कारभार होता, आणि लाज सगळ्यांकडे असते असं आम्ही धरून चाललो होतो.

आता या वर्षाकडे येतो.

पिवळ्या संघात एक मुलगी आहे, नळ दुरुस्त करणाऱ्याची लेक. तिला सगळे गोफण म्हणतात. हात मागं नेते तेव्हा वाटतं आळस देतेय, आणि पुढं आणते तेव्हा चेंडू पोचलेला असतो. तिच्या चेंडूची झुळूक लागून एकदा पंचाच्या टोपीचं... जाऊ दे, म्हटलं ना आज फोडणी नाही. ती चेंडू टाकते आणि पोरांना लागत नाही, एवढंच खरं, आणि तेवढं पुरे आहे. हे तिचं शेवटचं वर्ष. वय भरलं की आमची लीग संपते. मुलांसाठी पुढं मोठ्या गटाचा क्लब आहे. त्या क्लबात मुली घेत नाहीत. का घेत नाहीत विचारलं तर म्हणतात, कपडे बदलायला खोली नाही. गेली कित्येक वर्षं ती खोली बांधायची आहे. माझ्या हातात दिली असती तर एका दुपारी पत्रे मारून दिली असती. तेव्हा अंतिम सामना हा गोफणीचा आयुष्यातला शेवटचा खरा सामना होता, हे अख्ख्या वस्तीला ठाऊक होतं.

निळ्या संघात फरशीवाल्यांचा मुलगा. उंच, सरळ, कमी बोलणारा, म्हणून त्याचं नाव खांब. तो सगळ्यांना मारतो, फक्त गोफणीच्या चेंडूला आजवर त्याची बॅट एकदाही लागलेली नाही. आणि त्याचे वडील. फरशा विकतात, कापतात, बसवतात. फरशी कापायचं यंत्र चालू असतानाही कामगारांशी बोलता यावं म्हणून त्यांनी आवाज कमावलाय, असं म्हणतात. माझा अंदाज उलटा आहे. त्यांच्यापुढे आपला आवाज ऐकू यावा म्हणून यंत्र किंचाळतं.

उपांत्य सामन्याला पंच होते घड्याळवाले, बिचारे चष्मा पुसून पुसून काम करणारे. सामना निळ्यांनी जिंकल्यात जमा होता. खांब पहिल्या बेसवर आरामात पोहोचला, घड्याळवाल्यांनी हात पसरून त्याला सुखरूप दिलं, आणि त्याच क्षणी फरशीवाले खुर्चीवर उभे राहून गरजले, "अहो घड्याळवाले, डोळे आहेत की बटणं?"

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. निर्णय त्यांच्याच पोराच्या बाजूचा होता.

घड्याळवाले गोंधळले. "अहो, मी त्याला सुखरूपच दिलाय."

"दिलाय, पण उशिरा दिलाय."

आणि मग सामना संपेपर्यंत त्या माणसानं तोंडाची टकळी थांबवली नाही. मी फक्कीचा डबा खाली ठेवला. माझ्या लक्षात आलं. ज्या नियमानं आम्ही ओरडणाऱ्यांना शिक्षा करत होतो, तो नियम या गृहस्थानं तिकिटासारखा खिडकीवर काढून घेतला होता. अंतिम सामन्याचा पंच.

घरी आल्यावर मी सूनबाईंच्या मागं लागलो. ती मळलेले बेस अंगणातल्या नळाखाली धूत होती.

"त्याला पंच करायचा नाही," मी म्हटलं.

"नाना, तो सगळ्यात मोठ्यानं ओरडला. बाकीचे ओरडलेच नाहीत."

"अगं, पण मुद्दाम ओरडला. स्वतःच्या पोराला सुखरूप दिल्याबद्दल ओरडला. असं कुणी ओरडतं का?"

"का ओरडायचं ते नियमात नाही. मी आज त्याला काढलं, तर उद्या औषधवाले म्हणतील, मला का नव्हतं काढलं? माझं तर पोट दुखत होतं तेव्हा." तिनं बेस उलटा करून घासायला घेतला. "तुम्हाला वाटतं मला कळत नाही? कळतं. पण गाडी चालू असताना स्टिअरिंग काढून हातात घेता येत नाही."

"मग ब्रेक तरी दाब."

"तो दाबूनच बसलेय," ती म्हणाली, आणि खरंच तिचा उजवा पाय चिखलात रुतलेला होता.

दुसऱ्या दिवशी मी फरशीवाल्यांच्या दुकानात गेलो. बाहेर कापायचं यंत्र, त्याच्याभोवती पांढरा चिखल. आत भिंतभर फरशांचे नमुने, मधे प्लास्टिक न काढलेला सोफा. खांब एका कोपऱ्यात बसून ओल्या फडक्यानं नमुने पुसत होता. आणि गल्ल्याच्या वर, बरोबर डोळ्यांच्या उंचीवर, भिंतीत एक नवा कोनाडा केलेला. आतून निळ्या फरशीचा, वर छोटासा दिवा. दिवा लागलेला, कोनाडा रिकामा.

"हा कशासाठी?" मी विचारलं.

"चषकासाठी," फरशीवाले म्हणाले. अगदी सहज. "बसा नाना. पाणी?"

"सामना तर अजून व्हायचाय."

"होईल की. दिव्याची वायर भिंत उघडी असतानाच घालावी लागते. मागाहून घातली की दिसते."

मी सोफ्यावर बसलो. खालून प्लास्टिक किरकिरलं. "तुम्ही पंच होऊ नका," मी म्हटलं. "आजारी पडा. बाहेरगावी जा. काहीही सांगा. त्या मुलीचा शेवटचा सामना आहे."

"नाना, मी मागितलं का पंच व्हायला? मी एक साधा पालक. भावनेच्या भरात ओरडलो. तुमच्याच सूनबाईंनी शिक्षा दिली. मी ती भोगायला तयार आहे." आणि असं म्हणून त्या माणसानं छातीवर हात ठेवला. माझ्या थापा ऐकून लोक हसतात. ही थाप ऐकून मला घाम फुटला. "आणि शेवटचा सामना म्हणाल, तर पुढच्या वर्षी ती तशीही नसणार. माझं पोरगं पुढं खेळणार आहे. क्लबवाले विचारतात, चषक कुठाय. कुणाला जास्त गरज आहे, सांगा बरं."

"गरज? खेळात गरज कुठून आली?"

"तुमच्या वेळी नसेल."

मी उठलो. पाणी प्यायलो नाही. रस्त्याच्या वळणापर्यंत गेलो तर मागून चपलांचा आवाज. खांब होता, हातात ओलं फडकं तसंच.

"नाना, ती खरंच पुढच्या वर्षी नाही?"

"नाही."

"क्लबात पण नाही?"

"तिथं मुली घेत नाहीत."

तो फडकं पिळत उभा राहिला. पांढरं पाणी त्याच्या पायावर गळत होतं. "मग मी तिला मारणार कधी?" तो म्हणाला. "तीन वर्षं झाली. मी रोज मागच्या अंगणात तारेला चेंडू बांधून बडवतोय. बाबा म्हणतात, तू नुसता उभा राहा, बॅट खांद्यावरून काढूच नको, बाकीचं मी बघतो."

"मग?"

"मग काय. बाबा आहेत ते." आणि तो परत गेला.

अंतिम सामन्याला सगळी वस्ती लोटली. बसगाड्या धुणारे पाइप बंद करून ओट्यावर येऊन बसले. मी त्या दिवशी फक्कीच्या रेघा अशा मारल्या की आंधळ्यानंही त्यावरून चालत घरी जावं. पण पट्टा, तो 'आत'चा आणि 'बाहेर'चा पट्टा, तो हवेत असतो. त्याला फक्की लावता येत नाही.

फरशीवाले मुखवटा चढवून मागं उभे राहिले. गोफणीनं पहिला चेंडू टाकला. छातीच्या खाली, गुडघ्याच्या वर, अगदी मधोमध.

"बाहेर."

दुसरा टाकला. तसाच.

"बाहेर."

झेलणाऱ्या पोरानं मागं वळून बघितलं. "काका, हा तर माझ्या हातमोज्यात न हलवता आला."

"तू झेल. बघायचं काम माझं."

आधी निळ्या पोरांना सवयीनं राहवेना, ती बॅट फिरवायची आणि बाद व्हायची. मग त्यांच्या बाकावर निरोप गेला, कुणीही मारायचं नाही. झालं. पोरं येऊन बॅट खांद्यावर टाकून उभी राहायला लागली, बसची वाट बघितल्यासारखी. चार वेळा 'बाहेर' ऐकायचं आणि पहिल्या बेसवर चालत जायचं. आणि पिवळ्यांची पाळी आली की हाच माणूस डोक्यावरून गेलेला चेंडूसुद्धा 'आत' द्यायचा. पिवळी पोरं बिचारी मिळेल त्याला बॅट लावत पळत होती, म्हणून टिकून होती. गोफणीच्या गालावर दोन लाल डाग उमटले होते. प्रत्येक चेंडू आधीच्यापेक्षा जास्त मधोमध टाकायचा प्रयत्न करत होती, जणू चूक तिचीच. ते बघून माझ्या मस्तकात तिडीक गेली.

आणि कुंपणाबाहेर? चिडीचूप. एवढी माणसं, कुणाच्या घशातून आवाज निघेना. कारण ओरडेल तो पुढचा पंच. मी खुर्च्या खुर्च्यांमधून फिरलो.

औषधवाल्यांना म्हटलं, "दिसत नाही का तुम्हाला? ओरडा की."

"नाना, दिसतंय हो. पण मला वाकून उभं राहायला बंदी आहे. अवघड जागेचं दुखणं."

पाववाल्या बाईंना म्हटलं. त्या म्हणाल्या, "माझं पोर लीगमधून सुटलं आता. मी कुणाच्या अध्यात ना मध्यात."

टाकीवर चढलेल्या मास्तरांना म्हटलं. ते म्हणाले, "याचा निषेध झालाच पाहिजे. मी सोमवारी लेखी निवेदन देतो."

"सोमवारी काय, सामना गोठवून ठेवू शीतगृहात?"

"तुम्ही उगाच तापता नाना. पोरांचा खेळ आहे," असं म्हणून त्यांनी टोपी डोळ्यांवर ओढली.

गोफणीचा बाप, नळवाला, कुंपणाच्या जाळीत बोटं अडकवून उभा होता. मी त्याच्याजवळ गेलो. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "मी ओरडलो तर म्हणतील, पोरगी हरतेय म्हणून बाप ओरडला. तिनंच सांगितलंय घरून निघताना, बाबा, काही झालं तरी गप्प बसा." त्याची बोटं जाळीत पांढरी पडली होती. त्या सगळ्या गर्दीत गप्प बसायचा हक्क त्या एकट्याला होता.

शेवटी मीच ओरडलो. काय ओरडलो ते इथं लिहिण्यासारखं नाही. आवाज ओट्यापर्यंत गेला. सूनबाई पाण्याच्या पिंपाशी उभी होती, तिथूनच थंडपणे म्हणाली, "नाना, तुमचा आवाज धरत नाही. तुम्ही कामावर आहात." पण तिचा चेहरा मी ओळखतो. आमचा लेक पहिल्यांदा गाडी ठोकून घरी आला होता, तेव्हा तिचा चेहरा असा झाला होता.

शेवटचा डाव आला. पिवळे एका धावेनं पुढं. निळ्यांची पाळी. दोघांचे हात शिवशिवले, त्यांनी निरोप न जुमानता बॅट फिरवली आणि बाद झाले. बाकी तिघे शहाण्यासारखे उभे राहून फुकटचे बेस घेऊन बसले. तिन्ही बेस भरलेले, अजून एकच बाद व्हायचा बाकी, आणि बॅट घेऊन आला खांब.

आता हिशेब शेंबड्या पोरालाही कळत होता. त्यानं नुसतं उभं राहायचं. चार 'बाहेर' आणि धाव बरोबरीत. मग पुढचा येऊन उभा राहील, पुन्हा चार, आणि चषक दिव्याखाली.

फरशीवाले हळू आवाजात म्हणाले, म्हणजे तिसऱ्या बेसपर्यंत ऐकू गेलं, "बॅट खाली ठेवलीस तरी चालेल."

पहिला चेंडू. मधोमध. "बाहेर." खांब हलला नाही.

दुसरा. "बाहेर."

तिसरा असा आला की त्याच्यावर ओळंबा लावून भिंत बांधावी. "बाहेर."

आणखी एक, की संपलं. गोफणीनं चेंडू हातमोज्यात घेतला, कपाळावरचे केस दंडानं मागं सारले आणि पहिल्यांदाच पंचाकडे न बघता खांबाकडे बघितलं. रागानं नाही. जिना उतरताना एक पायरी कमी निघावी तसं काहीतरी होतं त्या तोंडावर. खांबानं बॅट खांद्यावरून उचलली. बुटानं माती उकरून पाय रोवले.

चौथा चेंडू आला आणि त्यानं जीव खाऊन बॅट फिरवली. लागली नाही. बॅट फिरली म्हणजे 'आत'. पंचाला विचारायचं नाही.

"अरे काय करतोस?" फरशीवाले म्हणाले.

पाचवा. पुन्हा फिरवली. पुन्हा हवा. दोन 'आत'. आता एक चुकला की खांब बाद, सामना पिवळ्यांचा. नुसता उभा राहिला की बाप धाव देणार.

गोफणीचा हात अजून मागंही गेला नव्हता, तेवढ्यात फरशीवाले म्हणाले, "सोड हा. हा सोडून दे. हा बाहेर आहे."

खांबानं बॅट खाली घेतली आणि मागं वळला. "बाबा, जरा मागं सरका," तो म्हणाला. "बॅट लागेल."

आणि ते सरकले. इतक्या माणसांदेखत पोरानं बापाला मागं सरकायला सांगितलं आणि बाप दोन पावलं मागं सरकला. तेवढ्या वेळापुरता मैदानावर पंच नव्हता. ती दोघंच होती.

तिनं टाकला. इथं मी पूर्वीचा नाना असतो तर चेंडू ढगात पाठवला असता. नाही गेला. जमिनीवर एक टप्पा घेऊन दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधून, दोन पिवळ्या पोरांच्या हातमोज्यांना चुकवून, साधा सरळ निघून गेला. तिसऱ्यावरचा घरी आला. दुसऱ्यावरचा घरी आला. निळे जिंकले. गोफण हरली.

आणि मग, ऐका, मग आमच्या लोकांना कंठ फुटला. सामना संपला होता, आता ओरडलं तरी धोका नव्हता. टाळ्या काय, शिट्ट्या काय. औषधवाले तर खुर्चीवर चढले, कुठं गेलं होतं अवघड जागेचं दुखणं देव जाणे. मास्तर म्हणाले, "पाहिलंत? खेळाडू वृत्ती." सगळ्यात वर फरशीवाले. मुखवटा काढून, दोन्ही हात पसरून माझ्याकडेच आले.

"काय नाना, झालं समाधान? माझ्या निर्णयावर जिंकलो का? पोरानं मारला. सगळ्यांनी बघितलं."

"बेस कुणी भरले होते?" मी विचारलं.

"काय?"

"त्यानं मारला तेव्हा तिन्ही बेसवर जी पोरं उभी होती, ती तिथं कशी पोहोचली?"

"नाना, आता जाऊ द्या की," मागून कुणीतरी म्हणालं. "चांगला शेवट झालाय, त्यात कशाला मिठाचा खडा." आणि आजूबाजूच्या माना हलल्या. फरशीवाल्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. त्यांच्या हाताचा पांढरा पंजा अजून माझ्या कोटावर आहे. मी तो झटकलेला नाही आणि झटकणारही नाही. कुणी विचारलं तर सांगता येतं कुणाचा आहे.

मी गोफणीकडे गेलो. म्हटलं, पोर रडत असेल. ती वाकून बुटाची नाडी बांधत होती.

"पोरी, चोरी झाली तुझी," मी म्हटलं. "धडधडीत चोरी."

"झाली ना," ती म्हणाली. "पण शेवटचा त्यानं खरंच मारला, नाना. मी सगळा जोर लावला होता."

"तुला राग नाही आला?"

"आलाय की. पण त्याचा नाही." नाडीला तिनं दुसरी गाठ मारली. "तुम्ही आता त्याच्यावर नका ओरडू हं."

चषक द्यायची वेळ झाली. सूनबाईंनी निळ्या संघाच्या कप्तानाला पुकारलं, म्हणजे खांबाला. कुणी आलं नाही. पुन्हा पुकारलं. फरशीवालेच पुढं झाले, "द्या, मी घेतो त्याच्या वतीनं," म्हणाले, आणि दोन्ही हातांनी चषक धरून फोटोसाठी उभे राहिले. फोटोवाला म्हणत होता, "साहेब, मुलगा कुठाय? मुलगा हवा हो मधे." ते मान वळवून वळवून शोधत होते.

मुलगा मैदानातच होता. गर्दी पांगून मोकळ्या झालेल्या जागेत, बॅट घेऊन घराच्या बेसपाशी.

"परत टाक," तो ओरडून सांगत होता. "एकदाच लागला. एकदा लागला तर तो काय, चुकूनही लागतो."

"झेलणार कोण?"

"कुणी नको. मागं कुंपण आहे."

तिनं टाकला. त्यानं फिरवली. चुकली. चेंडू कुंपणाच्या जाळीवर धडकला, तो नळवाल्यानं उचलून परत फेकला. तिनं पुन्हा टाकला. पुन्हा चुकली. फोटोवाला हाका मारून थकला. फरशीवाल्यांनीही एक हाक मारली, ती नक्कीच शीतगृहात आतपर्यंत ऐकू गेली असणार. पोरानं ऐकलीच नाही, किंवा ऐकली.

मी नेहमीसारखा बेस उपटायला निघालो. पहिला उपटला, दुसरा उपटला, तिसरा उपटला. सूनबाई पिंप रिकामं करून माझ्यामागं येऊन उभी राहिली. ती त्या दोघांकडे बघत होती.

"नाना," ती म्हणाली, "क्लबवाल्यांना ती कपडे बदलायची खोली केवढी हवीय?"

"दोन पोरी मावतील एवढी पुरे."

"पत्रे आहेत?"

"शीतगृहाच्या मागं पडलेत. विचारून घ्यावे लागतील."

"न विचारता घेतले तर?"

मी तिच्याकडे बघितलं. नियमावर जीव टाकणारी बाई. "तर मीच ओरडेन," मी म्हटलं, "आणि मीच उचलून आणीन."

ती हसली नाही. तिनं तिन्ही बेस काखेत मारले. "घराचा बेस उचला, अंधार पडतोय."

"तो राहू दे," मी म्हटलं. "चालू आहे अजून."